मागच्या जिन्याचं रजिस्टर

त्या रजिस्टरातले अंगठे माझे आहेत. पहिल्या पानावरचे पहिले सहा सोडले तर बाकीचे सगळे, जवळजवळ दोन वर्षांचे, माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याचे. समोर नाव मात्र एका बाईचं आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चौकशीला आलेल्या साहेबांना नाही, देवापुढं उभं राहूनही नाही. हात जोडले की तो अंगठा नेमका डोळ्यांसमोर येतो, म्हणून अलीकडं मी लांबूनच मान लववून पुढं जातो.

शहराच्या गारखेडा भागातल्या एका खासगी, विनाअनुदानित शाळेत मी कारकून होतो. इमारत मुळात शाळेसाठी बांधलेली नव्हती. खाली गाळे, वर दोन मजले ऑफिसं, असा संस्थेच्या अध्यक्षांचा बेत होता. गाळे खपले नाहीत, शाळा निघाली. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणायचे. पैठणकडं त्यांचा बागायती ऊस होता, आणि शाळेकडंही ते उसाच्या फडाकडं बघावं तसंच बघायचे: कुंपण नीट आहे ना, बाहेरचं कुणी आत येत नाही ना, आतलं बाहेर जात नाही ना.

पुढचा जिना रुंद होता. त्याच्याच पोटात, तळमजल्यावर, विजेच्या मीटरची लाकडी पेटी. मागचा जिना अरुंद, बोळात उतरणारा, आणि खाली त्याला चॅनल गेट. गोष्ट त्या चॅनल गेटच्या कुलपाची आहे.

लोकांना वाटतं शाळेचा कारकून फीच्या पावत्या फाडतो. माझं खरं काम पूर्तता करणं हे होतं. तपासणीला शिक्षण विभागाचे साहेब यायचे, शेरेबुकात शेरा लिहायचे. मी त्याच्यासमोर ‘पूर्तता केली’ असं लिहून मुख्याध्यापिका मॅडमची सही घ्यायचो, की शेरा मिटायचा. मान्यतेचं नूतनीकरण, अग्निशमनाचा दाखला, टाकी धुतल्याची नोंद, बसगाड्यांची कागदपत्रं, सराव कवायतीचं रजिस्टर, तक्रारींचं रजिस्टर. शनिवारी अर्धी शाळा असायची. मुलं गेली की मी दार लोटून घ्यायचो आणि आठवड्याची रजिस्टरं एका बैठकीत भरायचो. पाच पेनं ठेवली होती, वेगवेगळ्या निबांची. सोमवारची नोंद एका पेनानं, मंगळवारची दुसऱ्यानं. एखाद्या पानावर मुद्दाम चहाचा डाग पाडायचो, कारण रोज वापरातलं रजिस्टर कोरं दिसत नाही. आसपासच्या शाळांतले कारकून माझ्याकडून हे शिकून जायचे. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून टाकतो.

एका तपासणीत साहेबांनी शेरा मारला: दुसरा जिना शाळेच्या वेळेत खुला ठेवावा, उघडण्या-लावण्याची वेळ रोज नोंदवावी, जबाबदार कर्मचाऱ्याची सही घ्यावी. अण्णांना मी शेरा वाचून दाखवला. ते म्हणाले, ठेवा मग खुला, कागद अडायला नको.

ते काम आमच्या मावशींकडं आलं. मावशी करमाडच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली. नवरा गेल्यावर शहरात येऊन, पुंडलिकनगरच्या बाजूला भाच्याकडं राहून, शाळेत झाडलोट करायच्या आणि घंटा द्यायच्या. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, आणि ती वाजवायला हातभर लांब लोखंडी सळई. त्या सळईला मावशी ‘माझी काठी’ म्हणायच्या. उशिरा येणाऱ्या मास्तरांना दारातच ऐकवायच्या, “या पाव्हणं, चहा घेऊनच जा आता.”

त्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून रजिस्टरात सहीच्या जागी अंगठा. पहिल्या दिवशी मी स्टॅम्प पॅड पुढं सरकवलं. ठसा उमटला, पण मधोमध आडवी पांढरी रेघ.

“मावशी, नीट दाबा की.”

“नीटच दाबलंय सर. चीर हाय ती. लेकरू व्हते तव्हा शेरडांना बाभळीचा पाला तोडताना कोयता लागला.”

असे सहा ठसे. सहा दिवस मागचा जिना खरोखरच उघडा होता. सातव्या दिवशी नववीतली दोघं मधल्या सुट्टीत त्या बोळातून निसटली आणि सिनेमाच्या दारात एका पालकाला सापडली. संध्याकाळी पालकांचा घोळका ऑफिसात. अण्णा त्या दिवशी कुणावर ओरडले नाहीत. सगळे गेल्यावर एवढंच म्हणाले, “कुलूप लावा. चावी तुमच्या ड्रॉवरात.”

मी म्हणालो, शेरा आहे अण्णा, खुला ठेवायचा.

“शेऱ्याला रजिस्टर दाखवायचं,” ते म्हणाले. “जिना कोण बघतंय?”

कुलूप लागलं. बोळातल्या जिन्याच्या पायऱ्यांवर मग मोडके बाक रचले गेले, कारण रिकामी जागा आमच्याकडं कधी रिकामी राहत नसे. चावी माझ्या ड्रॉवरात, एका जुन्या कंपासपेटीत. आणि रजिस्टर चालू राहिलं. ‘सकाळी ७.१० उघडले. दुपारी १.१५ लावले.’ सहीच्या जागी अंगठा.

मावशींना बोलावलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की जिना तर बंद आहे, मग हे काय. म्हणून मी बोलावलं नाही. शनिवारी दार लोटून, डावा अंगठा पॅडवर टेकवून, सहा ठसे एका दमात उमटवायचो. अंगठा अंगठ्यासारखाच दिसतो. कोण भिंग घेऊन बसतंय?

मला माझी स्वतःची सही करता आली असती. शेऱ्यात फक्त जबाबदार कर्मचारी असं म्हटलं होतं, ते मावशीच असल्या पाहिजेत असं कुठं नव्हतं. मी सही केली नाही. का केली नाही, हे मला तेव्हाही नीट माहीत होतं. सही केली असती तर त्या कुलपाचा धनी मी ठरलो असतो.

अंगठ्याची शाई दोन दोन दिवस जायची नाही. बायकोनं एकदा विचारलं, तर पॅड सांडलं म्हणालो. स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, “काय क्लार्क सर, एवढं शिकून शेवटी अंगठाबहाद्दर झालात का?” सगळे हसले. मीही हसलो आणि हात खिशात घातला.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. कॉम्प्युटरच्या खोलीत दोन मोठे कूलर आले, मॅडमच्या केबिनला एसी आला, आणि सगळं त्या एकाच लाकडी पेटीवर. पुढच्या जिन्यानं चढताना रबर तापल्यासारखा वास यायचा. आधी दुपारी यायचा, मग सकाळपासूनच यायला लागला. एका बाईंना बटणाचा हलका झटका बसला. मी तक्रारींच्या रजिस्टरात नोंद केली, समोर लिहिलं: ‘वायरमनला कळविले. पूर्तता केली.’ कळवलंही होतं. तो दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही.

मावशी एक दिवस घंटा देऊन सरळ ऑफिसात आल्या. म्हणाल्या, “सर, त्या पेटीत कायतरी बोलतंय.”

“काय बोलतंय?”

“माशा घोंगावल्यागत. मी कान लावून ऐकलं. गप व्हतंय, परत बोलतंय.”

मी म्हणालो, बघतो. त्या दारातच थांबल्या. म्हणाल्या, मागच्या जिन्यावरचे बाक तरी काढून घेऊ का, दोघं मिळून काढू. मी म्हणालो, परीक्षा होऊ द्या. त्या गेल्या. त्यानंतर जिन्यानं जाताना मीही थांबून ऐकायला लागलो. आवाज होता. चार पावलं लांब गेलं की ऐकू यायचा नाही, म्हणून मी चार पावलं लांबून जायचो.

त्या दिवशी मी शाळेत नव्हतो. मान्यतेच्या नूतनीकरणाची फाईल घेऊन शिक्षण विभागात गेलो होतो. फाईलमध्ये मागच्या जिन्याच्या रजिस्टराच्या झेरॉक्स प्रती होत्या, साक्षांकित केलेल्या. ड्रॉवरला कुलूप, ड्रॉवरची किल्ली माझ्या स्कूटरच्या जुडग्यात. तिथल्या बाबूंनी फाईल चाळली आणि म्हणाले, तुमचं रेकॉर्ड म्हणजे बघायलाच नको, बाकीच्यांना दाखवायला पाहिजे. बाहेर येऊन फोन पाहिला. चौदा मिस्ड कॉल होते.

पुढचं मी इतरांकडून ऐकलंय, पण इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. पेटीनं पेट घेतला. आग मोठी नव्हती, पेटी आणि जिन्याखाली ठेवलेले जुने पेपरांचे गठ्ठे, एवढीच. पण धूर काळा, आणि जिना म्हणजे त्याला धुराडंच. पहिल्या मजल्यावरचे वर्ग तोंडाला रुमाल लावून कसेबसे खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावर तिसरी आणि चौथी होती. तिथल्या बाईंनी मुलांना मागच्या जिन्याकडं वळवलं, कारण भिंतीवरच्या नकाशात बाण तिकडंच होता. तो नकाशा मीच लावला होता. मुलं बाकांच्या अडचणीतून उतरत खाली आली, आणि खाली कुलूप.

मावशी बोळात होत्या. पुढून फिरून खालच्या ऑफिसात पळाल्या, ड्रॉवर ओढला, उघडेना. मग सळई घेऊन आल्या. कुलूप सातलिव्हरचं होतं, मीच पारखून आणलेलं. आतून मुलं गेटवर रेलत होती, वरून आणखी उतरत होती. किती वेळ लागला याबद्दल एकमत नाही. कुणी पाच मिनिटं म्हणतं, कुणी पंधरा. शेवटी कुलूप तुटलं नाही, कडी उखडली.

कुणी दगावलं नाही. हे मी नेहमी आधी सांगतो, आणि सांगताना मलाच माझा आवाज आवडत नाही. अकरा मुलांना दवाखान्यात ठेवलं, ती बरी झाली. चौथीतली एक मुलगी बाकांमध्ये पडली आणि तिच्यावर बाकीची. तिचं कोपर तीन ठिकाणी मोडलं. तो हात पुन्हा सरळ झाला नाही.

त्याच संध्याकाळी अण्णांनी मला घरी बोलावलं. चहा आला. आगीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

“मागच्या जिन्याचं रजिस्टर पूर्ण हाय?”

“आहे अण्णा.”

“कालपर्यंत?”

“शनिवारपर्यंत.”

“मग कालपर्यंत करा,” ते म्हणाले, आणि चहा थंड होतोय याची आठवण दिली.

मी शाळेत आलो. सगळीकडं काजळी. टेबल पुसलं, पॅड काढलं आणि राहिलेले ठसे उमटवले. बोटावर शाई कुठली आणि काजळी कुठली, कळत नव्हतं.

चौकशी आठ दिवसांनी झाली. ऑफिसात साहेब, अण्णा, मॅडम, मी. आणि दाराजवळ उभ्या मावशी. बसा असं कुणी म्हणालं नाही. रजिस्टरप्रमाणे जिना रोज उघडायचं काम मावशींचं होतं आणि त्या ते रोज करत होत्या. त्या दिवशीच केलं नाही, असा अर्थ निघत होता. मावशी म्हणत होत्या की जिना कायमच बंद असायचा, चावी सरांकडं असायची. साहेबांनी रजिस्टर त्यांच्यापुढं धरलं.

“मग हे अंगठे कुणाचे? तुमचेच ना?”

त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. एक पान उलटलं, मग दुसरं. त्यांनी तोंड उघडायला आणि अण्णा माझ्याकडं वळायला एकच गाठ पडली.

“क्लार्क, मावशींनी तुमच्यासमोरच लावलेत ना अंगठे?”

मी म्हणालो, “हो.”

मावशी सरळ उभ्या राहिल्या. अंगठा मुठीत दडवला. म्हणाल्या, “सर म्हणत्यात तर व्हय.”

एवढंच. कामात हयगय, असा ठपका ठेवून त्यांना त्याच आठवड्यात कमी केलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: सेविकेच्या निष्काळजीपणामुळं विद्यार्थी अडकले. मान्यतेचं नूतनीकरण झालं. रजिस्टर परत माझ्याच कपाटात आलं.

पुढं माझं बरं झालं. अण्णांनी आणखी दोन शाळा काढल्या आणि मला तिन्हींचा प्रशासन अधिकारी केलं. आता मी इतर संस्थांच्या कारकुनांना शाळेतील सुरक्षितता आणि जोखीम व्यवस्थापन या विषयावर व्याख्यानं देतो. प्रोजेक्टरवर पहिलंच चित्र उघड्या जिन्याचं असतं. मी सांगतो, बाहेर जायच्या वाटेला कुलूप लावू नका. लोक लिहून घेतात. आमच्या शाळांतले जिने आता खरोखरच उघडे असतात. मी स्वतः रोज फिरून पाहतो. एवढं मात्र खरं.

असंच एक व्याख्यान जालना रोडवर, करमाडजवळच्या एका नव्या शाळेत होतं. परतताना रस्त्याच्या कडेला सात-आठ शेळ्या आणि त्यांच्यामागं मावशी. मी गाडी थांबवली. का थांबवली ते माहीत नाही, पुढं गेलो असतो तरी चाललं असतं.

“मावशी, ओळखलं का?”

“न वळखायला काय झालं? प्वाट सुटलंय तेवढं.”

मी हसलो. शेळ्या बाभळीला लागल्या होत्या. मावशींनी पहिली चौकशी त्या मुलीची केली. हात सरळ झाला का? मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, पाण्याची टाकी कुठं आहे हे सांगावं तसं. गावातल्या शाळेत खिचडी शिजवायला बाई पाहिजे होती. त्या गेल्या. गावातल्या एकाची मुलं आमच्या शाळेत शिकलेली. तो म्हणाला, ही नको, हिनं शहरात लेकरं कोंडली होती. तेव्हापासून बारशाला बोलावतात, पण लेकरू हातात देत नाहीत.

मी म्हणालो, मावशी, त्या दिवशी तुम्ही बोलायला पाहिजे होतं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग अंगठा वर केला, अगदी माझ्या तोंडासमोर. चीर तशीच होती, जुनी, पांढरी.

“मला अक्षर वाचता येत नाय, सर. पर माझा अंगठा मला कळतो. पहिल्या पानावं चीर व्हती. फुडं नव्हती.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगणारच व्हते. तुमी व्हय म्हणलात. मला वाटलं, ह्या माणसाला सगळं ठाव हाय आन्‌ तरी व्हय म्हणतोय, मंग माझं कोण ऐकतंय.”

एक शेळी रस्त्यावर आली होती. त्यांनी तिला हाकलून परत आणलं. म्हणाल्या, “मला नोकरी नको. तुमचा पैसा तर नकोच. खरं काय झालं ते एकदा कागदावर लिवा. कागदानंच घातलंय हे, कागदानंच निघंल.”

मी म्हणालो, “लिहितो.”

“लई लोक लिवतो म्हणत्यात,” त्या म्हणाल्या आणि शेळ्यांच्या मागं निघाल्या.

त्याला तीन उन्हाळे झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेऱ्यांची पूर्तता लिहिली. एका खेडवळ बाईनं तोंडी मारलेला हा एक शेरा तेवढा तसाच पडून आहे. शनिवारी अजूनही ऑफिस रिकामं झालं की कपाट उघडतो. रजिस्टर जागेवर आहे. जाळून टाकायचं दोनदा मनात आलं होतं. जाळलं नाही, कारण त्या पहिल्या सहा ठशांखेरीज तिच्या बाजूचा दुसरा पुरावा जगात नाही. आणि उघडून दाखवलंही नाही, कारण त्यांच्याखालचे सगळे माझ्या विरुद्धचे आहेत. मुलाचं लग्न होऊ दे, मग निवृत्ती होऊ दे, अशी मी तारीख पुढं ढकलत आलो. परवा अण्णांनी जुनं रेकॉर्ड नष्ट करायची यादी मागितली. त्यात हे रजिस्टर घालायचं की नाही, ते मलाच ठरवायचं आहे. यादी सोमवारी द्यायची आहे.

हे इथं लिहिलं म्हणजे देणं फिटलं असं मी धरत नाही. इथं तिचं नाव नाही, शाळेचं नाही, माझंही नाही. तिच्या गावात हे कुणी वाचणार नाही.

मी तिला एक कागद देणं लागतो. शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज: कुलूप लावलं मी, चावी होती माझ्याकडं, ठसे माझे आहेत, या बाईंनी मुलांना सोडवलं. सोबत मूळ रजिस्टर. खाली माझं पूर्ण नाव, सही, आणि सहीशेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा. एक प्रत तिच्या गावच्या ग्रामपंचायतीला. तो कागद मी अजून दिलेला नाही.